मुंबई–न्यूयॉर्क: अंतर एकच, मग तास वेगवेगळे का?

ठाणेकर_हेमा

ज्येष्ठ नागरिकांसाठी तिकीट निवडायचं आहे आणि आकड्यांचा मेळ बसत नाही. मुंबई (बीओएम) ते न्यूयॉर्क (जेएफके) अंतर एका साइटवर १२,५३२, दुसरीवर १२,५५० आणि तिसरीवर ६,७६७ दिसतं. प्रवासाचा वेळ एक साइट १४ तास २७ मिनिटं सांगते. वेळापत्रकात थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास आणि येताना १४ ते साडेचौदा तास दिसतात. एका थांब्याची तिकिटं २० ते २६ तासांची आहेत.

प्रश्न तीन. अंतराचा खरा आकडा कोणता? जाता-येतानाच्या वेळात एवढा फरक का? थांबा घेतला तर विमान नक्की किती लांबून फिरतं?

गणिती_काका

हेमाताई, अंतराचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. तिसरा नॉटिकल मैलात आहे. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, आणि ६,७६७ ला त्याने गुणलं की १२,५३२ येतात. त्यालाच साधे मैल समजून १.६०९ ने गुणलं तर १०,८८८ किमी येतील आणि सोळाशे किलोमीटर हवेत विरतील. ही चूक फार सर्रास होते, कारण विमानाच्या पल्ल्याचे आकडे बहुधा नॉटिकल मैलात छापतात.

१२,५३२ हा आकडा पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा नीट गोल आहे असं धरून येतो. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे चपटी आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८, ध्रुवाशी ६,३५७. ते धरून केलं की या मार्गावर १५–२० किमी वाढतात. तिकीट काढणाऱ्याला दोन्ही सारखेच.

घरी पडताळायचं असेल तर कागदावर होतं. मुंबई: १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व. जेएफके: ४०.६३९८ उत्तर, ७३.७७८९ पश्चिम. पश्चिमेचा रेखांश उणे घ्यायचा, म्हणजे रेखांशांतला फरक १४६.६४६८ अंश.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०
दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशफरकाचा कोसाइन: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०
बेरीज: −०.३८६०

ज्या कोनाचा कोसाइन −०.३८६० येतो तो कोन ११२.७०७ अंश. एक अंश म्हणजे १११.१९५ किमी. गुणा, १२,५३२.

गाडी अडते ती नेहमीच्या तीन जागी. स्प्रेडशीटला अंश कळत नाहीत, रेडियन कळतात. आधी रूपांतर केलं नाही तर काहीही उत्तर येतं. दुसरं, १९ अंश ०५ मिनिटं म्हणजे १९.०५ नव्हे, १९.०८३. आणि तिसरी चूक गमतीची: पश्चिमेचं उणे चिन्ह राहिलं तर उत्तर २,३९८ किमी येतं. तेव्हा न्यूयॉर्क किर्गिझस्तानात, ओश शहराच्या पूर्वेला जाऊन बसलेलं असतं.

पाटीपेन्सिल

काका, भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी जाते. मग विमानातल्या पडद्यावर आइसलंड कुठून येतं?

आडवळण

भिंतीवरचा नकाशा मर्केटरचा, म्हणजे ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवणारा, असेल तर ती पट्टीची रेषा सर्वांत जवळची नसतेच. पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो. हेच ग्रेट सर्कल, भूगोलाच्या पुस्तकातलं बृहद्वृत्त.

या जोडीसाठी तो दोरा मुंबईहून साधारण ३३३ अंशांवर, म्हणजे वायव्येपेक्षा उत्तरेकडे जास्त झुकून निघतो. कराचीच्या पूर्वेकडून पाकिस्तान ओलांडतो, कंदाहारच्या आसपास अफगाणिस्तानात असतो, पुढे तुर्कमेनिस्तानचं वाळवंट आणि पश्चिम कझाकिस्तान. मॉस्कोच्या आग्नेयेला रायझानजवळून जातो, सेंट पीटर्सबर्ग उजव्या हाताला ठेवतो आणि हेलसिंकी विमानतळापासून जेमतेम तीस-चाळीस किमीवरून निघून जातो. प्रवासाचा बरोब्बर मध्य फिनलंड आणि स्वीडनमधल्या बॉथ्नियाच्या आखातात पडतो. मग नॉर्वेतलं ट्रॉन्डहेम. सर्वांत उत्तरेचा बिंदू ६४.७ अंशांवर, आइसलंड आणि फेरो बेटांच्या मधल्या समुद्रात. तिथून आइसलंडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडचं खालचं टोक, लॅब्राडोर, मेन आणि न्यूयॉर्क.

म्हणजे सरळ रेषेचा जवळजवळ निम्मा भाग आशिया आणि रशियावर आहे. वेळेचा घोळ तिथेच सुरू होतो.

वेळापत्रक_वही

त्याआधी १४ तास २७ मिनिटांचं कोडं सोडवून टाकतो. अंतर सांगणाऱ्या बऱ्याच साइटी ठोक वेग धरतात, ताशी ९०० किमी, आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतात. १२,५५० भागिले ९०० म्हणजे १३.९४ तास. दशांश तास म्हणजे मिनिटं नव्हेत, म्हणून १३ तास ५७ मिनिटं. वर अर्धा तास. झाले १४:२७. यात वारा नाही, बंद आकाश नाही, धावपट्टीवरची रांग नाही, दिशासुद्धा नाही. पुणे–नागपूरला असला हिशोब खपून जातो, न्यूयॉर्कला नाही.

विमान कंपनी छापते तो ब्लॉक टाइम. मुंबईत विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथून न्यूयॉर्कच्या गेटवर थांबतं तिथपर्यंत. दोन्ही टोकांच्या टॅक्सीची, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांच्यामध्ये विमान जमिनीवर चालतं त्याची, अर्धा-पाऊण तासाची वेळ त्यात धरलेली असते. पडद्यावर 'उड्डाणाचा वेळ १५ तास १०' आणि तिकिटावर १५:५५ दिसलं तर कुणी फसवलेलं नाही.

भोवरा७७

जाताना जास्त वेळ लागतो कारण पृथ्वी फिरते. शाळेतलं आहे.

वातकुक्कुट

शाळेतलं नीट आठवा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान नुसतं लटकून राहिलं असतं आणि खालून पृथ्वी सरकली असती, तर अमेरिकेला *जाणं* सोपं झालं असतं. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान हवेत असतं, त्यामुळे असा थेट फायदा-तोटा कुणालाच नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो आडून: त्यामुळे वाऱ्यांना वळण मिळतं आणि जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो.

हा प्रवाह साधारण ३० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात, ३० ते ४० हजार फुटांवर असतो. म्हणजे विमानांच्या नेमक्या उंचीवर. हिवाळ्यात जोर जास्त, उन्हाळ्यात कमी आणि उत्तरेला सरकलेला. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. ध्वनीपेक्षा वेगाने उडालं का? नाही. हवेतला वेग नेहमीचाच, वाहता पट्टा मात्र फुकट मिळाला.

बोइंग ७७७ चा नेहमीचा वेग ध्वनीच्या ०.८४ पट. बाहेर उणे ५४ अंश असतील तर हे ताशी ८९७ किमी. उणे ६५ असतील तर ८७५, कारण थंड हवेत ध्वनीचाच वेग कमी होतो. सगळा प्रवास त्या गारठ्यात झाला तर एवढ्यानेच वीसेक मिनिटं जातात. हे कुठल्याच अंतर-साइटवर सापडणार नाही.

आता हिशोब. आकडे नमुन्याचे आहेत, रोज बदलतात. हवेतला वेग ८९५ धरा.

जाताना: प्रत्यक्ष मार्ग १३,००० किमी, समोरचा वारा सरासरी ४०. जमिनीवरचा वेग ८५५. १५ तास १२ मिनिटं. चढणं-उतरणं सावकाश होतं त्याची दहा-पंधरा मिनिटं, दोन्हीकडची टॅक्सी तीस. एकूण १५:५५ च्या आसपास.

येताना: मार्ग थोडा दक्षिणेचा आणि लांबचा, १३,२०० किमी, पण पाठीवर ५० चा वारा. वेग ९४५. १३ तास ५८ मिनिटं. बाकीचं धरून साडेचौदाच्या जरा वर.

येताना दोनशे किलोमीटर जास्त उडूनही सव्वा तास आधी. वैमानिक जवळची वाट शोधत नाहीत, लवकरची शोधतात.

आडवळण

याचं ठळक उदाहरण आपल्याकडचंच आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने तेच पॅसिफिकवरून नेलं: सुमारे १५,३०० किमी, पण साडेचौदा तासांत. चौदाशे किलोमीटर जास्त आणि जवळजवळ दोन तास कमी, कारण पूर्वेला जाताना वारा पूर्ण वेळ पाठीशी.

डिस्पॅच_टेबल

वारा समजला, आता बंद आकाश. आडवळण यांनी दिलेली सरळ रेषा आज कुणालाच जशीच्या तशी उडता येत नाही.

फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. भारतीय आणि आखाती कंपन्यांना ते उघडं आहे. युनायटेडने नेवार्क–मुंबई थेट विमान त्याच सुमारास थांबवलं. डेल्टाचं जेएफके–मुंबई डिसेंबर २०१९ मध्ये सुरू होऊन मार्च २०२० मध्ये बंद पडलं होतं, त्याचं कारण वेगळं, महासाथ. एअर इंडियाचं मुंबई–जेएफके फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं. थेट सेवा हंगामाप्रमाणे चालू-बंद होतात, तेव्हा जुन्या लेखांवर विसंबू नका. ज्या महिन्यात जायचं त्याचं वेळापत्रक उघडा.

पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना २४ एप्रिल २०२५ पासून बंद झालं. याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं. यात मुंबईचं नुकसान दिल्लीपेक्षा कमी. दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातपर्यंत खाली यावं लागतं आणि मग अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळावं लागतं. मुंबई आधीच किनाऱ्यावर आहे. २०२५ मध्ये दिल्लीच्या काही अमेरिका-विमानांना वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं ते यामुळेच.

युक्रेन २०२२ पासून पूर्ण बंद. इराण-इराक जून २०२५ मध्ये काही दिवस बंद झाले. अफगाणिस्तानवरून बऱ्याच कंपन्या स्वतःहून जात नाहीत. नकाशावर हे सगळे ठिपके भरले की आशिया–युरोपमध्ये दोन-तीन चिंचोळ्या गल्ल्या उरतात आणि सगळी वाहतूक त्यातून. गर्दी झाली की हवी ती उंची मिळत नाही, खालच्या उंचीवर इंधन जास्त जळतं.

पाटीपेन्सिल

इंधन जास्त भरलं की झालं ना? टाकी तर मोठी असते.

डिस्पॅच_टेबल

टाकीत जागा असते, वजनात नसते. ७७७-३००ईआरचं उदाहरण घ्या. उड्डाणाचं कमाल वजन ३५१.५ टन. रिकामं विमान, कर्मचारी आणि खानपान धरून सुमारे १६८ टन. उरतात १८३ टन, त्यात इंधनही आणि माणसं-सामानही.

लांबच्या प्रवासात सरासरी तासाला साडेसात ते आठ टन जळतं. साडेपंधरा तासांचे १२१ टन. वर राखीव: मार्गातल्या अनिश्चिततेसाठी साधारण ५ टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि तिथे पोचल्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. असे मिळून १३० टनांच्या आसपास. म्हणजे माणसं, बॅगा आणि माल यांना ५३ टन.

आता वाट तासाभराने लांबली की आठ टन इंधन वाढतं. प्रवासी आणि त्याच्या बॅगा मिळून १०० किलो धरले तर ही ८० माणसं झाली. आणि इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं: जादा घेतलेल्या दर टनातले तासाला ३–४ टक्के ते ओझं नेण्यातच जळतात. पंधरा तासांच्या प्रवासात जादा टनातला निम्म्याच्या आसपास भाग मुक्कामाला पोचतच नाही.

त्यामुळे आधी माल उतरवतात, मग काही सीटा विकतच नाहीत, तरीही बसलं नाही तर वाटेत उतरून भरतात. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना हे जास्त दिसतं. एखाद्या दिवशी बॅग मागून येते त्याचं कारणही कधीकधी हेच.

विमान सुरुवातीला जड असतं, ३०–३१ हजार फुटांवरच राहतं. इंधन जळेल तसं दोन-दोन हजार फुटांनी चढत शेवटी ३९ हजारांपर्यंत जातं. पडद्यावरचा आकडा मध्येच वाढला की काळजी नको.

वातकुक्कुट

पुरवणी: न्यूयॉर्कहून भरलेलं इंधन बहुधा जेट ए, गोठणबिंदू उणे ४०. मुंबईचं जेट ए-१, उणे ४७. उत्तरेच्या मार्गावर बाहेर उणे ६५ असलं की पंखातल्या इंधनाचं तापमान बघावं लागतं. ते फार उतरलं तर विमान खाली आणतात किंवा वेग थोडा वाढवतात, दोन्हींत इंधन जास्त जातं. परतीचा मार्ग आणखी उत्तरेला न नेण्याचं हेही एक कारण.

ठाणेकर_हेमा

दोन प्रश्न सुटले. तिसरा बाकी: थांबा घेतला की विमान किती लांबून जातं? दुबई आणि लंडन असे दोन पर्याय समोर आहेत.

गणिती_काका

त्याच सूत्राने, त्याच गोलावर.

मुंबई–लंडन हीथ्रो ७,२१३ आणि हीथ्रो–जेएफके ५,५४०. बेरीज १२,७५३. सरळपेक्षा २२१ किमी जास्त, १.८ टक्के.

मुंबई–दुबई १,९२६ आणि दुबई–जेएफके ११,००२. बेरीज १२,९२८. ३९६ किमी जास्त, ३.२ टक्के.

विमानाच्या वेगाने ४०० किमी म्हणजे २७ मिनिटं. थांब्याने वाट लांबत नाही, थांबणंच लांबतं. २४ तासांच्या तिकिटात जादाचे सात-आठ तास बहुतेक खुर्चीत बसून जातात.

डिस्पॅच_टेबल

काका, एक दुरुस्ती. दुबई–जेएफकेची सरळ रेषासुद्धा इराण, पूर्व तुर्कस्तान, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. त्यामुळे ती ११,००२ कुणाला मिळत नाही. दोन-पाचशे किलोमीटर वर धरा.

गणिती_काका

मान्य. सूत्राला सरहद्दी कळत नाहीत.

वेळापत्रक_वही

हेमाताई, ज्येष्ठांसाठी तिकीट आहे म्हणून आता तास सोडून वेळापत्रकाच्या खाचाखोचा. जास्त लोक इथेच अडकतात.

तारीख. मुंबईहून अमेरिकेची आणि आखाताची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ०१:३०' असेल तर १४ ला रात्री जेवून साडेनऊ-दहाला विमानतळावर असायला हवं. १५ च्या रात्री गेलात तर विमान जाऊन वीस तास झालेले असतात. घरच्या कॅलेंडरवर '१४ ची रात्र' असंच लिहा, '१५' लिहूच नका.

घड्याळ. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. ०१:३० ला निघून ०७:५५ ला पोचलं, दोन्ही १५ तारखेला. वजाबाकी केली तर ६ तास २५ मिनिटं. त्यात उन्हाळ्यातला साडेनऊ तासांचा फरक मिळवा: १५:५५. तेच विमान हिवाळ्यात तेवढाच वेळ घेऊन निघालं तर ०६:५५ ला पोचेल, कारण तेव्हा फरक साडेदहा तासांचा असतो. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात, भारतात कधीच नाही. मार्चचा तो रविवार तुमच्या जाण्या-येण्याच्या मध्ये आला तर दोन्हीकडे वेगळा फरक धरावा लागतो.

परतताना उलट. न्यूयॉर्कहून १० तारखेला दुपारी १२ ला निघालं आणि १४ तास १५ मिनिटं लागली, तर तिथल्या घड्याळात ११ ची पहाट, सव्वादोन. साडेनऊ मिळवा: मुंबईत ११ ला सकाळी पावणेबारा. घ्यायला जाणाऱ्याने १० ला जाऊन बसू नये. १२ लाही नाही.

विमानतळ. न्यूयॉर्क म्हणजे जेएफके, नेवार्क (ईडब्ल्यूआर) आणि देशांतर्गत उड्डाणांचं ला गार्डिया (एलजीए). जेएफके आणि नेवार्क हवेतून ३३ किमीवर आहेत, पण रस्त्याने मध्ये अख्खं शहर पडतं. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असं तिकीट घेऊ नका. आता मुंबईतही कोड बघायची सवय लावायला हवी: बीओएम सहार-सांताक्रूझचं, आणि डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झालेल्या नवी मुंबईचं एनएमआय. गोव्याच्या लोकांना दाबोळीचं जीओआय आणि मोप्याचं जीओएक्स हे आधीच पाठ झालंय.

चौकशी_खिडकी

थांब्यांबद्दल थोडं. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, आणि पुढे डॅलस किंवा शिकागोला जायचं असलं तरी तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. 'मुंबईत शेवटपर्यंतचा टॅग लावलाय' म्हणून पुढे गेलात तर बॅग जेएफकेलाच. ज्येष्ठांसाठी तिथे तीन तासांपेक्षा कमी अंतराचं जोड-विमान घेऊ नये असं माझं मत. दोन तासांचं तिकीट साइट विकते म्हणून ते जमेलच असं नाही.

अबू धाबी याला अपवाद आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, २०१४ पासून, आणि अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखं उतरता येतं. त्याचा वेळ मात्र अबू धाबीच्या थांब्यात धरावा लागतो, म्हणून तिथला दीड तासाचा थांबा नको.

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरमध्ये (बुकिंग क्रमांकात) हवीत. दोन स्वस्त तिकिटं जोडून पाच-दहा हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी ओळखसुद्धा दाखवत नाही. शिवाय वेगळी तिकिटं असतील तर मधल्या देशात बाहेर येऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, म्हणजे व्हिसाचा प्रश्न. ट्रान्झिट व्हिसाचे नियम लंडनचे वेगळे, फ्रँकफर्टचे वेगळे, आणि बदलतात. पैसे भरायच्या *आधी* त्या देशाच्या अधिकृत साइटवर बघा.

व्हीलचेअर आदल्या दिवशी नाही, तिकीट काढतानाच नोंदवायची, आणि प्रत्येक उड्डाणावर वेगळी नोंद झाली का ते तपासायचं. पहिल्या विमानाला आहे आणि दुसऱ्याला नाही असं वरचेवर होतं.

दख्खनी_मैना

अवांतर: सॅन फ्रान्सिस्कोलाही हेच लागू का? तिथे राहणारे निम्मे लोक ठाण्या-पुण्याचेच.

आडवळण

तिथे दिशाच उलटते. रेखांशाचा फरक पश्चिमेकडून मोजला तर १९५ अंश, म्हणजे अर्ध्या जगापेक्षा जास्त, पूर्वेकडून १६५. त्यामुळे मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोची सरळ रेषा पूर्वेकडून जाते: सुमारे १३,५११ किमी, चीन आणि सायबेरियावरून, ७६.६ अंश उत्तरेपर्यंत. तो वरचा बिंदू पूर्व सायबेरियाच्या समुद्रात आहे. वारा बराच पाठीशी, म्हणून न्यूयॉर्कपेक्षा हजार किमी जास्त असूनही तास त्या मानाने वाढत नाहीत. तिथे येतानाचा प्रवास जास्त लांबतो. न्यूयॉर्कच्या बरोबर उलट.

घड्याळाचा फरक हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा.

भोवरा७७

एवढ्या उत्तरेला इंजिन बंद पडलं तर?

डिस्पॅच_टेबल

दोन इंजिनांच्या विमानाला परवानगी देतानाच ठरलेलं असतं: एका इंजिनावर इतक्या मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ सतत हाताशी हवा. १८० मिनिटं सर्रास, ७७७ ला काही मार्गांवर ३३० पर्यंत. मार्ग आखताना ते विमानतळ आधी मांडतात, रेषा नंतर.

जून २०२३ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियात मगदानला उतरवलं, ते याच नियोजनातून. उतरणं सुखरूप झालं. पुढे सव्वादोनशेच्या वर माणसांची सोय लावायला आणि दुसरं विमान पाठवायला दोन दिवस गेले, कारण तिथे तशी व्यवस्था नव्हती. म्हणून नियोजनात नुसती धावपट्टी पुरत नाही. हॉटेल, दवाखाना आणि थंडीत प्रवाशांना कुठे ठेवायचं हेही बघावं लागतं.

ठाणेकर_हेमा

वाचनखूण साठवली. आता एकच: थेट १६ तास एका खुर्चीत, की लंडनमार्गे २०–२१?

चौकशी_खिडकी

गुडघे आणि पाय सुजण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एरवी भाषेची अडचण असणाऱ्यांना थेट बरं, कारण मध्ये बोर्ड वाचत टर्मिनल शोधावं लागत नाही. आइल सीट घ्या, स्वच्छतागृहापासून चार-पाच रांगा लांब. अगदी शेजारी रात्रभर रांग आणि दिवा असतो. बल्कहेडला, म्हणजे समोर भिंत असलेल्या रांगेत, पाय पसरता येतात, पण हाताशी पिशवी ठेवता येत नाही आणि पाळण्यातली बाळं तिथेच असतात.

वेळापत्रक_वही

आणि लंडन घेतलंत तर टर्मिनल बघा. एकाच टर्मिनलवर असेल तर अडीच तास पुरतात. बस बदलून दुसऱ्या टर्मिनलवर जायचं असेल तर साडेतीनच्या खाली नको, व्हीलचेअर असेल तर चार. तिकीट निघाल्यावरही टर्मिनल बदलतात, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी पीएनआर टाकून पुन्हा एकदा उघडून बघा.